अठ्ठ्याण्णव टक्के

सुवैकच्या गोदामाचा ईशान्य कोपरा
दुसऱ्यांदा नापास.
एक्क्याण्णव टक्के.
पाहिजेत अठ्ठ्याण्णव.

जुलै महिना. भर दुपारी कामाला बंदी,
म्हणून आम्ही जमीन चोपतो रात्री.
आधी दोरी, मग लेव्हल,
मग खडी आणि कच, वीतभराहून कमी थर,
मग टँकरचं पाणी, बेतानं:
मुठीत दाबल्यावर गोळा धरला पाहिजे
आणि तळहाताला चिखल राहता कामा नये.
राजापूरला खळं करताना बाया एवढंच बघतात.
तिथे टक्के नसतात.
चोपण्याखालचा आवाज बदलला
की म्हणतात, झालं, उठा.

इथे आवाज लिहायला रकाना नाही.
इथे मी खणतो डब्याएवढा खड्डा,
निघालेला दाणा न् दाणा पिशवीत भरतो,
आणि शंकूतून कोरडी वाळू सोडतो आत.
जेवढी मावली तेवढी पोकळी.
ही वाळू गोणीतून येते, चाळलेली, शिक्का मारलेली.
दारातली चालत नाही.
वाळवंटाच्या काठावर उकिडवा बसून
मी विकतची वाळू तोलतो,
आणि हे घरी फोनवर सांगितलं
तर बायको म्हणते, झोप झाली नाही का तुझी?

रोलरवर गुलबहार, स्वातचा.
पाचव्या फेरीलाच थांबला होता.
खाली काहीतरी आहे, म्हणाला,
बाकी जागी हे यंत्र दातांनी बोलतं,
इथे पोटातून.
कुरियनसाहेब म्हणाले, पाणी कमी पडलं असेल.
मी शेऱ्यात लिहिलं:
पाणी कमी.

पहाटे चारला रखवालदार सालिम आला,
काखेत थर्मास.
कोपऱ्यात उभा राहिला,
चपलेची टाच दोनदा आपटली.
तवी, म्हणाला.
माझी अरबी हजेरीपटापुरती.
टेकबहादुरने आधी एका शेखच्या मळ्यात काम केलंय,
त्याने पाण्याचा पाइप खाली ठेवला:
दाजू, विहीर म्हणतोय.

जेसीबीने दोन मीटर उकरलं.
खजुराची बुंधं, स्पंजासारखी.
तीन टायर. दुधाच्या पावडरीचा डबा.
मग दगडांची गोल कड, नीट रचलेली,
आणि आडवं पडलेलं एक लाकडी चाक,
दोर घासून घासून मध्ये खाच पडलेलं.
तळाशी ओल होती.
टेकबहादुरने बोट लावून चाखलं
आणि थुंकला.
समुद्र आत शिरला, बागा गेल्या,
एवढं सालिमने हातांनीच सांगितलं,
एक हात किनाऱ्याकडून सरकत आला,
दुसरा पडला.
बाग कुणाची, ते मी विचारलं नाही.
त्यानेही चाक मागितलं नाही, फक्त
उचलून घेऊन गेला.

तीन रात्री भरत होतो.
मोठे धोंडे, त्यावर डबर,
त्यावर कापड, त्यावर खडी,
थर, पाणी, फेऱ्या. थर, पाणी, फेऱ्या.
कडेला रोलर पोचत नाही
तिथे टेकबहादुरच्या हातात धुमस,
आणि धुमसाबरोबर त्याचे गाल थरथरत राहिले
चहा पितानासुद्धा.
शेवटच्या थरावर ठरलेल्या आठ फेऱ्या झाल्या,
गुलबहारने दोन जास्त मारल्या.
डिझेल कुणी विचारलं नाही.
खाली उतरला, कान न लावता म्हणाला,
आता बोल.

वाळू ओतली. तोलली.
साडेअठ्ठ्याण्णव.

उद्या प्लास्टिक अंथरतील, परवा सळया,
गुरुवारी काँक्रीट.
नकाशात हा कोपरा सी-सात.
मी शेऱ्यात लिहिलं: येथे विहीर होती.
कुरियनसाहेबांनी चष्मा वर केला.
हे खोड बाबा, मालक उगाच पैसे कापेल.
खोडलं.
एकच रेघ मारली, बारीक,
खालचं वाचता येईल अशी.

फाटकाशी सालिमच्या खुर्चीजवळ
ते चाक आडवं टाकलंय.
खाचेत त्याचा थर्मास
बरोबर बसतो.